आगारीचा घास

ज्या वर्षी हेमांगी, माझी नात, फैजपूरला सून होऊन गेली, त्या वर्षी मी मोबाइलवर लिहायला शिकले. जाताना तिनेच मला गावाच्या फेसबुक गटात घातले.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली होती. त्या दिवशी पितरांच्या नावाने निखाऱ्यावर घास टाकतात, त्याला आम्ही आगारी म्हणतो. तो मान पुरुषांचा. मी गटात लिहिले, 'यंदा मालकांची आगारी मीच टाकणार.'

लगेच खाली कोणीतरी लिहिले, 'बाई, तू चुलाजोडे बस.' म्हणजे चुलीपाशीच बस. नाव खोटे होते आणि फोटोच्या जागी नुसती राखाडी सावली. मी सुनावले. त्याने शिवी दिली. मी पुन्हा सुनावले.

हेमांगीचा फोन आला. "आजी, उत्तर देऊ नको. असल्यांचं उत्तरावरच पोट भरतं."

"भरू दे. मी गप्प बसणार नाही."

पण माझ्या प्रत्येक उत्तरानंतर ती सावली भरत गेली. आधी हनुवटी आली, मग गाल, मग मिशी.

आखाजीला देवपूरच्या आमच्या घरात मी निखाऱ्यासमोर बसले. मालकांचे नाव घेतले आणि घास टाकला. तेवढ्यात फोन वाजला.

'मना घास कोठे शे?' माझा घास कुठे आहे, असे तोच विचारत होता.

फोटोतला चेहरा आता पुरता भरला होता. मी ओळखला. उत्तर दिले नाही. फोन पालथा ठेवला आणि ताटातली पुरणपोळी स्वतः खाल्ली.

घरातल्या बायांना पाटी-पेन्सिलीला हात लावू न देणारे माझे जेठ, मालकांचे थोरले भाऊ, चिंधा नाना. ते दोन हजार नऊ साली, पोळ्याच्या दिवशी वारले.