दीड लाख किलोमीटर

दलालाने जुन्या टाटा इस्टेट गाडीचा मागचा दरवाजा उघडून बढाई मारली, "पूरी अर्थी लेट जाती है, साहब! गाँव से सीधे मणिकर्णिका।" माझ्या बायकोची चाकांची खुर्ची मावणार होती, म्हणून गाडी घेतली; तिला मात्र तिरडीचं नि स्मशानघाटाचं सांगितलं नाही. आमच्या दुर्गाघाटाच्या गल्लीत गाडी येत नाही. अपघातानंतर ती पहिल्यांदाच शाळेत शिकवायला निघाली. घाटावरच्या दोघा नावाड्यांनी तिला खुर्चीसकट सडकेवर आणलं. मागच्या दाराच्या फटीतलं झेंडूचं वाळकं फूल तिने ओढून काढलं. "प्रेतं न्यायची ना ही?" मी मान खाली घातली. "विकून टाकतो." तिने ते फूल रस्त्यातल्या गायीला चारलं. पुढे बसल्यावर मीटर पाहून म्हणाली, "दीड लाख किलोमीटर धावली, पण बिचारीने एकालाही परत नाही आणलं. चला, घंटा होईल. चारला शाळा सुटली की हिला परतीचा रस्ता शिकवा."