भवानीचं गिऱ्हाईक

तुयेतने वर्तमानपत्राचा पिळा पेटवला आणि उंबऱ्यावरून, स्टुलावरून, शिगोशीग रचलेल्या टोपल्यांवरून फिरवायला सुरुवात केली. बांबूच्या दुकानात हे काम जरा बेतानेच करावं लागतं. पण इलाज नव्हता. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक काही न घेता गेलं होतं, आणि असं गिऱ्हाईक जाताना दिवसभराची विक्री सोबत घेऊन जातं, हे हनोईत शाळेची पायरी न चढलेल्यालाही ठाऊक असतं.

गिऱ्हाईक जोडीने आलं होतं, एक परदेशी लंबू आणि त्याच्यासोबतची बाई. दोघांच्या पाठीवर संसार मावेल एवढ्या पिशव्या. आदल्या दिवशीच विमानातून उतरलेली असावीत, कारण मोटारसायकलींची झुंड बघून अजून हसू येत होतं त्यांना. त्यांनी दुकानातलं एकूण एक सूप हाताळलं. बाईने रोवळी डोक्यावर पालथी घालून फोटो काढून घेतला. मग दोघांनी वाकून आभार मानले आणि ती रिकाम्या हाताने निघाली.

तुयेत अपशकुन घालवायचे ठरलेले शब्द पुटपुटत जाळ फिरवत होती. धूर पाहून ती दोघं वळली, जागीच थांबली आणि हात जोडून उभी राहिली. इकडच्या देशांत असंच करतात, असं त्यांना कुणीतरी सांगितलं असावं.

"भवानी झाली का गं?" समोरच्या दुकानातून लोआनने विचारलं. लोआन ही तुयेतची नणंद. तिने आवाज खडा लावला होता, म्हणजे उत्तर गल्लीभर कळावं.

नवरा गेल्यापासून तुयेत लोआनच्याच दुकानात मागच्या बाजूला बसून टोपल्यांना सुतळ्या बांधायची. मग एक दिवस तिने समोरचा रिकामा गाळा भाड्याने घेतला. "घे बाई, घे," लोआन म्हणाली होती. "पौर्णिमेपर्यंत परत येशील. तुझं स्टूल मी पुसून ठेवते." पौर्णिमा आता तोंडावर आली होती. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तुयेतची एक चाळणी खपली. लोआनने स्टूल खरंच पुसून ठेवलं होतं. तुयेतला ते समोरून दिसायचं.

दुसऱ्या दिवशी तिने शटर वर केलं, तर तीच दोघं दारात. तुयेतने घाईघाईने आपलं स्टूल उंबऱ्यात आडवं ठेवलं. ते त्यांच्या घोट्याला लागलं. 'सॉरी' म्हणून ती दोघं ते ओलांडून आत आली. पुन्हा सगळी सुपं हाताळून झाली. पुन्हा काही घेतलं नाही. या वेळी मात्र ती गेलीही नाहीत. प्रसादाला थांबल्यासारखी दारात उभी राहिली.

एवढं बघितल्यावर लोआनला आपल्या दुकानात बसवेना. पर्यटकांना टोपल्या विकून विकून तिला इंग्रजी येत होतं, आणि त्याचा असा उपयोग रोज होत नाही. ती आली, बोलली, ऐकलं आणि हसू दाबत वळली.

"अगं, काल तू यांना ओवाळलंस असं वाटतंय यांना! तेव्हापासून हनोईतले सगळे रस्ते जिवंत ओलांडले म्हणे. आजही ओवाळ म्हणतायत."

"वन्सं, काहीतरी सांगा आणि लावा ना वाटेला."

"काहीतरी कशाला? खरं तेच सांगते की. तू तोंडाने काय म्हणत होतीस, ते विचारतायत."

तुयेतला वाटलं, ही दोघं आता भडकणार, आरडाओरडा करणार, उरलीसुरली अब्रूही जाणार. लोआनने गोड आवाजात इंग्रजीतून सांगितलं. गल्ली वंचित राहू नये म्हणून आपल्या भाषेतही सांगितलं, "चांगला असेल त्याने राहावं, वाईट असेल त्याने चालतं व्हावं."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हलक्या आवाजात काहीतरी ठरलं. मग त्या लंबूने कमरेचा पट्टा सोडला आणि पिशवी धपकन खाली ठेवली. बाईनेही ठेवली. दोघं दारातच दुकानातल्या चिमुकल्या स्टुलांवर बसली, गुडघे कानाशी घेऊन.

लोआन आणखी काही समजावू लागली, पण उशीर झाला होता. आता उठणं म्हणजे स्वतःबद्दल नको ते कबूल करणं होतं.

दारात बसलेल्या माणसासमोर एकटीने कसं खायचं? तुयेतने पानात बांधून आणलेल्या चिकट भाताचे तीन वाटे केले. ते बघायला एक मोटारसायकल थांबली. मग आणखी एक. बघायला थांबलेल्या बाईला रिकाम्या हाताने निघायची लाज वाटते. तिने मोदक उकडायच्या चाळणीसारखी एक बांबूची चाळणी घेतली. दुसरीला वरच्या आकड्यावरची परडी हवी होती. लंबूने ती बसल्या जागेवरून हात वर करून काढून दिली. गल्ली हसली. परदेशी बाईने रोवळी पुन्हा डोक्यावर चढवली आणि ऐकून ऐकून शिकलेली किंमत ओरडायला लागली. किंमत चुकीची होती. पण चूक दुकानाच्या फायद्याची होती, म्हणून तुयेतने ती सुधारली नाही. दुपारपर्यंत वरचे आकडे मोकळे झाले. तुयेत भाव सांगता सांगता हसत होती, आणि आपण हसतोय हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

दिवसभर रस्त्याच्या पलीकडे कुणी फिरकलं नाही.

दिवेलागणीला लोआन आली. एक सूप उचललं, ठेवलं. खाकरली.

"उद्या सकाळी त्या दोघांना आधी माझ्याकडे पाठव."

"पण ते काही घेत नाहीत हं, वन्सं."

"अगं, घ्या कोण म्हणतंय!" लोआन म्हणाली. "नुसते येऊ देत, सगळ्याला हात लावू देत आणि रिकाम्या हाताने जाऊ देत."