नायिका चुकली

अण्णा दार न वाजवताच आत आले. हातात फोन, मागोमाग त्यांची बायको, थोरली. घर अण्णांच्या नावावर होतं, त्यामुळे खालच्या खोलीचं दार वाजवायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

त्यांची भावजय खिडकीशी बसून चष्मा पुसत होती. साठी कधीच उलटली, नवराही गेला, तरी घरात ती अजून धाकटीच. एकटी पडल्यापासून दुपारी जुने सिनेमे बघायचे आणि संध्याकाळी घरच्यांच्या ग्रुपवर आपलं मत बोलून टाकायचं, असा तिचा क्रम होता. "नायक देखणा आहे, पण दिसेल त्या खिडकीशी थांबून उसासे टाकतो. खिडक्या कमी असत्या तर सिनेमा लवकर आटपला असता." नाहीतर, "खलनायक बरा वाटला. निदान बायकोला विचारून दरोडा घालतो." सुना आणि पुतण्या पोट धरून हसायच्या.

अण्णांनी फोन पुढे धरून बटण दाबलं. धाकटीचाच आवाज खोलीत घुमला.

"काल आपला घरचा सिनेमा पुन्हा पाहिला. नवऱ्यानं चोरी करायची, बायकोनं ती अंगावर घेऊन तुरुंगात जायचं. सुटून येते तर यानं दुसरा संसार थाटलेला. आणि ही बया त्याच घरात मोलकरीण होऊन राहते, तोंडातून ब्र काढत नाही. माझं मत विचाराल तर नायिका चुकली. पोलिसांना खरं सांगितलं असतं, तर मध्यंतराच्या आत सिनेमा संपला असता आणि आपण सगळ्या सुखानं घरी गेलो असतो."

अण्णांनी फोन टेबलावर ठेवला.

"घरात आलेल्या प्रत्येक सुनेला हा सिनेमा दाखवायचा, ही वडिलांची शिस्त. तुलाही दाखवला होता."

"हो. मी रडलेही होते."

"मग?"

"तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. आता नीट दिसला."

"पोरींनी खाली काय लिहिलंय ते वाचलंस? 'काकू बरोबर बोलल्या.' आणि हे लिहिणारी कोण, तर माझी सून."

"शहाणी आहे ती."

"हे बघ, मागे घे. ग्रुपवर सांग की माझं चुकलं."

"चुकलं असतं तर सांगितलं असतं, अण्णा."

अण्णांचा आवाज चढला नाही. घरात आवाज चढवायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. "माझ्या छपराखाली राहून असली मतं चालायची नाहीत. काय ते ठरव."

धाकटीला जायला दुसरं घर नव्हतं, आणि हे खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं. तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि अण्णांकडे सरळ पाहिलं.

"छप्पर तुमचं आहे. डोळे माझे आहेत. बाहेर काढायचं तर काढा. का काढलं, तेही मी ग्रुपवर सांगून जाईन."

इतका वेळ दाराला टेकून उभी असलेली थोरली पुढे आली. तिनं टेबलावरचा फोन उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि धाकटीसमोर धरला.

"बोलायचं असलं तर कुठं दाबायचं गं?"

धाकटीनं बोटानं दाखवलं. "दाबून धरा, ताई. सोडलं की संपलं."

"अगं, तो माझा फोन आहे," अण्णा म्हणाले.

"असू दे." थोरलीनं अंगठा दाबला आणि फोन तोंडाजवळ नेला. "मी थोरली बोलतेय. ती तुरुंगातून परत येते ना, तो प्रसंग मी कधी पाहिलेलाच नाही. घरात नवी सून आली की तिच्याबरोबर मला धाडायचे. आणि दर वेळी तेवढ्यापुरती मी उठून बाहेर जायचे. ह्यांना वाटायचं, पाणी प्यायला जाते."

"पुरे झालं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

थोरली एक पाऊल मागे सरली. अंगठा तिनं उचलला नाही.

"थांबा जरा. माझं बोलून व्हायचंय."