पूर्ण रेंज

रांझीच्या त्या क्वार्टरमध्ये मोबाइलला रेंज मिळत नसे. खिडकी, गच्ची, नवे बूस्टर, सारे करून झाले होते. मग गौरांगच्या लक्षात आले की अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या उशाशी फोन ठेवला की रेंज येते. अण्णांचा पलंग जिथे सरकवावा, तिथे ती येई. ते बोलले की तुटे.

गौरांगच्या ऑनलाइन इंटरव्ह्यूच्या दुपारी पलंग बैठकीत आणला गेला.

“पाणी दे रे,” अण्णा म्हणाले. पडद्यावरचे साहेब जागीच थिजले.

“काहून बोलून राहिले, अण्णा? चूप राहा न थोडं! नोकरीचा सवाल आहे.”

गौरांगची बायको संपदा हिने ओठांवर बोट ठेवले. अण्णांनी तोंड मिटले. साहेब पुन्हा बोलू लागले.

थोड्या वेळाने रेंज प्रथमच पूर्ण भरली. संपदाने अण्णांच्या नाकाशी हात धरला आणि गौरांगकडे पाहत हळूहळू नकारार्थी मान हलवली. त्याला कळले. हातानेच तिला थांबवून तो हसतमुखाने उत्तर देत राहिला. बैठकीत दुसरा कसलाही आवाज नव्हता.

साहेबांनी त्याला मध्येच अडवले.

“गौरांगजी, पहले उन्हें पानी दे दीजिए. कब से माँग रहे हैं.”