पाकोळीचा दोर

“राक्षस मी मारला!” रघुवीर ओरडला.

“तू? तू तर पाल दिसली म्हणून खांबामागं लपला होतास!” गुणवंतीनं मांडीवर थाप मारली. “माझ्या तांडेलणीनं सुक्या बोंबलांची अख्खी पाटी त्याच्या तोंडावर ओतली. वासानंच गेला मेला!”

दोघांची पन्नाशी उलटलेली, दोघांना बीपीच्या गोळ्या चालू, आणि भांडण चाललं होतं चाळीस वर्षांपूर्वी मेलेल्या राक्षसावरून. नायगावच्या चाळीतली ही सुभद्राची खोली. उद्या किल्ली द्यायची होती, मग चाळ पडणार. सामान कालच हललं होतं. मोकळ्या लादीवर सुभद्रानं सकाळपासून बसून खडूनं किल्ला काढला होता, अगदी तस्साच. ती हसत होती खरी, पण कान जिन्याकडे होते. लहानपणीचा सवंगडी लवू यायचा होता.

संप लागला तेव्हा ती बारा वर्षांची होती. मिलचे भोंगे बंद, बाप्येमाणसं दिवसभर खोलीत, पोरांना आत थारा नाही. मग सुभद्रानं बाहेर पॅसेजमध्ये किल्ला काढला आणि एकेकाला एकेक सोंग वाटलं. रघुवीर झाला झुंजारराव, सात फूट उंच आणि जगात फक्त पालीला भिणारा. गुणवंतीची आई मासळी विकायची, म्हणून ती झाली गलबत हाकणारी रणचंडी तांडेलीण. पुढे काय घडतंय ते सुभद्रा सांगायची आणि जमलं की फसलं ते पाच कवड्या सांगायच्या. तीन उताण्या पडल्या की जमलं. कवड्या टाकायचा मान तिचा एकटीचा. शिस्त तर अशी कडक की झुंजाररावाला तहान लागली तरी कवड्या पडल्याशिवाय घोटभर पाणी नाही! बिचारा एकदा तळ्याच्या काठावर दोन दिवस कोरडा बसला होता.

“आता दादरला पोरं असलेच खेळ टेबल मांडून खेळतात म्हणे,” रघुवीर म्हणाला. “माझी मुलगी जाते ना. वीस बाजूंचा फासा असतो त्यांचा. म्हटलं, बाई गं, आम्ही पाच कवड्यांत राज्य जिंकलं!”

“पण सगळ्यांत भारी कोण होतं, सांगा,” सुभद्रा म्हणाली.

आणि दोघं एकदम ओरडले, “पाकोळी!”

पाकोळी म्हणजे लवूचा चोर. भिंतीवर सरसर चढायचा, खजिना तसाच सोडून नुसतं कुलूप चोरून आणायचा. कुलपं कशाला रे, म्हणून विचारलं तर लवू म्हणायचा, दारं उघडी राहू देत ना जरा. काय पोरगा होता! त्याची पाळी आली की मोठी माणसंसुद्धा दारात येऊन उभी राहायची.

मग एक दिवस लवूचे वडील, धोंडूकाका, संप मोडून मिलमध्ये कामाला गेले. लवूची आई इस्पितळात होती, हे पोरांना ठाऊक नव्हतं. चाळीनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्या संध्याकाळी पाकोळी राजवाड्याच्या विहिरीत दोराला लोंबकळत होता. लवू आशेनं सुभद्राच्या हाताकडे बघत होता. सुभद्रानं कवड्या मुठीत आवळून धरल्या आणि म्हणाली, “दोर तुटला. पाकोळी मेला. जा घरी.”

लवू उठून गेला. पंधरा दिवसांत त्याचं बिऱ्हाड गावी गेलं, मालवणला. खेळही तिथंच मोडला. नंतर सुभद्राचं लग्न झालं, मुलं झाली, पण ते “जा घरी” काही तिच्या डोक्यातून गेलं नाही. गेल्या महिन्यात रघुवीरला लवूचा नंबर मिळाला, तेव्हा ती आनंदानं रडली होती.

“आज मी पाकोळीला जिवंत करणार,” ती म्हणाली.

रघुवीरची मान तिथल्या तिथं हलली. “नाही हां. मेलेला परत येत नाही, नियम तुझाच. माझी घोडी मेली तेव्हा तीन दिवस रडलो मी. दिलीस परत?”

“चाळीस वर्षं झाली रे! आता कसला नियम?”

“मग खेळात राहिलं काय?” गुणवंती हळूच म्हणाली. “उगीच दिलेलं लवूलाही नाही आवडायचं. ओळखतेस ना त्याला.”

सुभद्राचा चेहराच पडला. खरं होतं ते. लवूला भीक नको असायची. हातातल्या कवड्या तिनं डबीत टाकल्या आणि झाकण लावलं.

तेवढ्यात जिना वाजला. दारात लवू. केस पांढरे, अंग तसंच काडीसारखं, हातात कोकमांची पिशवी. रघुवीरनं त्याला उचलूनच घेतलं. गुणवंती त्याच्या पाठीत धपाधप गुद्दे घालत होती. “मेल्या, होतास कुठं?”

सुभद्रा मात्र जागची हलली नाही. “लवू, मी तुला... तुझ्या पाकोळीला मी मारलं रे,” ती कशीबशी म्हणाली. “फार वाईट केलं मी.”

लवू किल्ल्याभोवती एक चक्कर मारून आला. बरोबर विहिरीपाशी मांडी घालून बसला आणि तिच्याकडे बघून गालात हसला, बारा वर्षांच्या लवूसारखाच.

“मारलंस कधी? त्या दिवशी तू कवड्यो टाकूकच नाय. मग मी मेलंय कसो?” त्यानं डबी तिच्यापुढं सरकवली. “मी अजून त्या दोरयेकच लटाकलंय गो. चाळीस वर्सां झाली, हात भरान इले. टाक बेगीन!”