भागीरथाची चुकलेली पावलं

१९६४ साली अमरावतीच्या आमच्या शाळेत अंगाला घट्ट बसणाऱ्या कमिजांची टूम आली होती. शिंपी नको म्हणत असतानाही गॅदरिंगमधल्या टिपऱ्यांच्या नाचासाठी मी माझी कमीज आणखी दोन बोटं आत घ्यायला लावली. समोर पाहुणे, मास्तर आणि मुलांचे वर्ग बसले होते. नाच रंगात आला, मी टिपरी मारायला हात उंच केला आणि पाठीवरची शिवण मानेपासून कमरेपर्यंत उसवली. माझी जोडीदारीण भागीरथा, आमच्या नाचाची म्होरकी, कानाशी पुटपुटली, "थांबू नोको, नाचत राय. मी हाओ तुया मांगं." मग आपली जागा सोडून ती शेवटपर्यंत माझ्या मागे चिकटून नाचली. माझी पाठ कोणालाच दिसली नाही, पण फेर विस्कटला आणि पहिलं बक्षीस दहावीच्या वर्गाला गेलं. पडद्यामागे नाच बसवणाऱ्या बाई तिच्यावर कडाडल्या, "सगळ्यांची मेहनत मातीत घातलीस! पावलं चुकलीच कशी?" भागीरथा खाली मान घालून म्हणाली, "भुलली बाई मी." मला ते ऐकवेना. सगळ्या मुलींदेखत मी वळले आणि उसवलेली पाठ बाईंना दाखवली. त्यांनी अंगावरची शाल काढून माझ्या खांद्यांवर टाकली, भागीरथाचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "पोरी, माझं चुकलं." भागीरथा माझ्याकडे बघून हसली. "आता तं दम घे वं!" मी शालीसकट तिच्या गळ्यात पडले.