तिसरं कडवं

जमिनीवर आखलेल्या वर्तुळात उभं राहिलं की मब्रूकाचा आवाज ऐकू यायचा आणि एक पाऊल मागे घेतलं की थांबायचा. छताला टांगलेल्या तबकडीतून आवाज नळाच्या धारेसारखा सरळ खाली पडत होता. बाजूला चहाचे पेले घेऊन गप्पा मारणाऱ्या पाहुण्यांवर त्याचा एक थेंबही उडत नव्हता. शिशाची खाण बंद पडून वर्षं झाली होती. आता कंपनीने तिचं संग्रहालय केलं होतं आणि आज त्याचं उद्घाटन होतं.

ट्यूनिसहून आलेले कंपनीचे बडे लोक एकेक करून वर्तुळात जात, क्षणभर सुतकी चेहरा करत आणि बाहेर येऊन खजुराच्या मकरूद मिठाईकडे वळत. मढ्याच्या टाळूवरचं लोणी कसं खावं, हे या लोकांकडून शिकावं. संचालक हेदी साहेब प्रत्येकाला सांगत होते की हा खरा विलाप आहे, खाणीत गेलेल्या अम्मारसाठी त्याच्या आईने केलेला, आणि ती माउली आज स्वतः इथे हजर आहे.

माउली भिंतीशी खुर्चीवर बसली होती. आपला विलाप यंत्रात द्यायला ती आधी तयार नव्हती. धाकटा मुलगा लमीन मागे लागला, सगळा विलाप जसाच्या तसा ऐकवतील म्हणून त्याने मिठावर हात ठेवून शपथ घेतली, तेव्हा कुठे तिने होकार दिला. लमीनला इथेच पहारेकऱ्याची नोकरी मिळाली होती. कंपनीचं चिन्ह खिशावर असलेला नवाकोरा गणवेश घालून तो वर्तुळाजवळ उभा होता.

बाहेर येणारा कुणीच खाली मान घालत नाही, हे मब्रूकाच्या लक्षात आलं. तिसरं कडवं ऐकून कंपनीच्या माणसाची मान वर राहील कशी? ती उठली आणि वर्तुळात जाऊन उभी राहिली.

तिचाच आवाज डोक्यावर पडला. अम्मार माझ्या, ऊठ, चहा निवला. मग दुसरं कडवं. अम्मार माझ्या, तुझे कोरडे जोडे दाराशी. ती तिसऱ्याची वाट पाहू लागली. थोडी शांतता झाली आणि पुन्हा चहा निवला.

तिला वाटलं, आपणच चुकलो. तिने पुन्हा सगळं ऐकलं. मग मात्र तिला कळलं. आग लागली तेव्हा खाण वाचवायला कंपनीने माणसं आत असतानाच बोगद्याचं लोखंडी दार बंद केलं होतं. अख्ख्या गावाला ते ठाऊक होतं आणि तिसऱ्या कडव्यात तेच होतं. तेवढंच नेमकं कापलं होतं.

तिसऱ्या वेळी ती रिकामी जागा आली, तेव्हा मब्रूकाने गालावर हात ठेवला आणि मयताच्या अंगणात लावतात तसा सूर लावला.

"खालून ठोकत होते माझे वाघ, ज्यांनी ऐकलं त्यांनीच दार लावलं."

तिच्या कानात तिचा विलाप चालू होता. तिच्या लेखी ती फक्त पुढचं कडवं म्हणत होती. पाहुण्यांना मात्र आधीचं काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांना दिसली ती उभ्याउभ्या एकाएकी किंचाळणारी म्हातारी. एकाच्या हातातला पेला हिंदकळला. दुसऱ्याने मोबाइल काढला.

मब्रूका थांबली. कडव्याचे शेवटचे शब्द भोवतालच्यांनी उचलायचे असतात. कुणीच उचलले नाहीत, तर रडणारी खोटं बोलली असं गाव धरून चालतं. अम्मारच्या अंगणात "त्यांनीच दार लावलं" असं सगळं गाव एका तोंडाने म्हणालं होतं, आणि सगळ्यांत मोठा आवाज लमीनचा होता. तिने कडवं पुन्हा म्हटलं आणि लमीनकडे पाहिलं. लमीन आपल्या बुटांकडे पाहत होता.

हेदी साहेब लगबगीने आले. गृहस्थ अदबीचे होते. त्यांनी तिला हात धरून वर्तुळाबाहेर आणलं, पाणी मागवलं.

"माझं तिसरं कडवं कुठाय?" मब्रूकाने विचारलं.

"मावशी, होतं तेवढं सगळं लावलंय." मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ते वळले. "काय रे लमीन, तू घरचा माणूस. असं कडवं होतं का?"

लमीनच्या घरात तीन पोरं होती आणि गावात दुसरी नोकरी नव्हती. हे सगळं खरं, पण विचारलं होतं त्याच्या सख्ख्या भावाबद्दल.

"नव्हतं साहेब," तो म्हणाला. "वय झालंय तिचं. मनचं जोडते."

दालनाने सुटकेचा श्वास टाकला. बिचारी, असं कुणीतरी म्हणालं. रेशमी रुमाल बांधलेल्या एका बाईंनी मब्रूकाच्या खांद्यावर थोपटलं, मग स्वतः वर्तुळात जाऊन आल्या आणि डोळे टिपत म्हणाल्या, काय ताकद आहे हो आवाजात.

आईला घरी सोडून ये, असं साहेबांनीच लमीनला सांगितलं. तो तिला धरून पायऱ्या उतरला. बाहेर ऊन रणरणत होतं. आवारात पाहुण्यांच्या गाड्या उभ्या होत्या आणि चालक सावलीला बसून सिगारेट ओढत होते. लमीनने एकदा मागे दाराकडे पाहिलं, एकदा चालकांकडे. मग खाली वाकून त्याने तोंड आईच्या कानाशी नेलं.

"त्यांनीच दार लावलं," तो पुटपुटला.

मब्रूकाने डोक्यावरची चादर सारखी केली.

"छान," ती म्हणाली. "मला एकटीलाच ऐकू आलं."